वर उरकुडाभाऊ, खाली कौसाबाई

उरकुडाभाऊ रामटेके तुमच्या घरी आले, तर आधी दाराची चौकट धरून हलवून बघतील. मग खुर्ची. मग ज्या टेबलावर तुम्ही चहा ठेवणार, ते टेबल. यात तुमच्यावर अविश्वास वगैरे काही नाही. उभी असलेली कुठलीही वस्तू हाताला लागली की ती हलवून बघायची, हा त्यांचा स्वभावच आहे. आंधळगावच्या बसस्टँडला लागून माझं औषधांचं दुकान आहे. त्या दुकानाच्या काउंटरचा एक पाय उरकुडाभाऊंनी येताजाता हलवून हलवून खिळखिळा केला, आणि एक दिवस मलाच म्हणाले, "मेडिकलभाऊ, हे हालून राहिलं जी. लक्ष देत जा थोडं."

लग्नाला गेलं की माणसं जेवणाच्या पंगतीकडे बघतात. उरकुडाभाऊ मांडवाच्या खांबाकडे बघतात. नवरा-नवरी समोर उभी, मंगलगाथा चाललेली, आणि हे मागच्या कोपऱ्यात खांबाला हात घालून त्याची परीक्षा घेतायत, हे दृश्य आमच्या गावाला नवं नाही. एकदा आजारी साडूला बघायला दवाखान्यात गेले, तर त्याची चौकशी करायच्या आधी सलाइनचा स्टँड हलवला. नर्सबाई ओरडल्या. हे शांतपणे म्हणाले, "पेशंटले हात नाही लावला बाई. स्टँडच हालवला."

उरकुडाभाऊंनी जन्मभर परांच्या बांधल्या. गवंड्याला, रंगाऱ्याला उंचावर उभं राहून काम करता यावं म्हणून इमारतीभोवती बांबूंचा जो सांगाडा बांधतात, ती परांची. आमच्या गावात आणि आसपासच्या खेड्यांत एका मजल्याहून उंच असं जे काही उभं आहे, त्याच्याभोवती कधीतरी उरकुडाभाऊंचे बांबू उभे होते. त्यांच्या आईची आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून जन्मल्या जन्मल्या यांना उकिरड्यावर, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत उरकुड्यावर, ठेवून उचललं आणि उरकुडा हे नाव दिलं. "आमी खालून सुरुवात केली जी. मंग वरच चढत गेलो," असं ते स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात.

घर बांधून झालं की मालक गवंड्याचं नाव सांगतो, सुताराचं सांगतो, टाइल्स कुठून आणल्या तेही सांगतो. परांची कोणी बांधली, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. उरकुडाभाऊंना हे मंजूर नाही. "भिंत कोन बांधते? मिस्त्री. अन मिस्त्री कायच्यावर उभा रायते? हवेवर?" हा प्रश्न ते इतक्या जोरात टाकतात, की मिस्त्री हवेवर उभा राहतो असं ज्याने कधीच म्हटलेलं नाही, तोही ओशाळतो. पुढे समजावून सांगतात, "मिस्त्रीचं ध्यान पायात असलं का हात बिघडते. खाली फळी हालली का वर वीट वाकडी बसलीच समजा. घर सरळ पायजे असन, तं आधी परांची सरळ पायजे."

माझ्या धंद्याच्या दृष्टीने हा माणूस काही उपयोगाचा नाही. मोटरसायकलवरून पडलेले, भांडणात डोकी फोडून घेतलेले, बैलाने शिंग मारलेले असे सगळे माझ्याकडे पट्टी न्यायला येतात. उरकुडाभाऊंच्या परांचीवरून पडलेला एकही आला नाही. मी एकदा त्यांना थट्टेने तसं म्हटलं. ते गंभीर झाले. म्हणाले, "तुमाले धंदा पायजे असन, तं मी शिडीवरून पडून देतो जी एखाद्या दिवशी. परांचीवरून नाही जमणार."

माणसांनाही ते याच मापाने मोजतात. जमिनीत रोवलेला बांबू तो उभा, त्याला बांधलेला तो आडवा, आणि दोघांना वाऱ्यात सावरून धरणारा तिरपा बांबू ती कैची. गावात कोणाच्या पोरीला स्थळ आलं की उरकुडाभाऊंचं मत विचारतात. "उभा सरळ हाये पोट्टा. पन कैची नाही त्याच्यात. वारा आला का कलते." एका पुढाऱ्याबद्दल म्हणाले, "नुसता आडवा हाये. कोनीतरी धरून ठेवलं म्हनून दिसून राहिला." माझ्याबद्दल काय मत आहे, असं विचारायचा मोह मला झाला आणि तो महागात पडला. माझी बायको तिथेच उभी होती. "तुमी उभे बरे हा जी," ते म्हणाले, "पन कैची म्हनसान तं वहिनी. तिच्याच भरवशावर टिकून राहिले तुमी." तेव्हापासून आमच्या घरात कुठलाही वाद झाला, की हे वाक्य माझ्या तोंडावर फेकलं जातं.

त्यांच्या स्वतःच्या कैचीचं नाव कौसाबाई.

परांची एकट्याने बांधता येत नाही. एक जण वर लागतो, बांधणारा. एक जण खाली लागतो, बांबू आणि दोरी हातात देणारा. बाकीच्या परांचीवाल्यांकडे खाली कोणी मजूर असे. उरकुडाभाऊंच्या खाली लग्नापासून कौसाबाई. ठेंगणीशी बाई, पदर कमरेला खोचलेला, आणि आपल्या दुपटी-तिपटीचा बांबू एका हेलकाव्यात उभा करून नवऱ्याच्या हातात नेमका पोचवायची. त्याने वरून हात नुसता खाली सोडायचा, बघायचंसुद्धा नाही. बांबू तिथे असायचाच.

आणि या कामाच्या वेळी ती दोघं बोलायची.

हे नीट समजून घ्या, कारण गंमत इथेच आहे. लग्न झालं तेव्हा त्यांचं घर भरलेलं होतं. आईबाप, थोरले भाऊ, भावजया, सगळी दोन खोल्यांत. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने बोलायची पद्धत नव्हती, आणि वडीलधारे समोर नाहीत अशी जागाच घरात नव्हती. मग हे नवीन जोडपं कामावर गेलं. हा वर चढला, ती खाली राहिली. वरून "दे" म्हणावं लागे, खालून "धरा" म्हणावं लागे, आणि ते ओरडूनच म्हणावं लागे. कामाच्या ओरडण्याला कोण नावं ठेवणार? हळूहळू त्या "दे" आणि "धरा"च्या मधल्या जागेत बाकीचा संसार येऊन बसला.

मी दुकान टाकलं तेव्हा समोरच एका व्यापाऱ्याचं दुमजली घर बांधणं चालू होतं. पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक नसताना मला वरून आवाज आला, "भाजी कायची केली व्होती सकाळी?" खालून उत्तर गेलं, "वांग्याची. काहून?" "मीठ नव्हतं." "मंग तवाच काहून नाही सांगतलं?" "माय बसली व्होती ना समोर!" आणि मग एक बांबू वर गेला.

पुढे त्या घराच्या आणि नंतरच्या कामांवर माझी करमणूक झाली. टीव्हीवरच्या मालिका आमच्या गल्लीत नंतर आल्या. कोणत्या नणंदेने लग्नात टोमणा मारला, थोरल्या भावाने विहाराच्या कामाला यायचं कसं टाळलं, पोरीला पुढे शिकवायचं की नाही, हे सगळं आम्ही त्या परांचीवरून आणि परांचीखालून ऐकलं. पोरीला नर्स करायचं ठरलं, ते शाळेच्या भिंतीला रंग देताना. एक म्हातारी तर आपलं तांदूळ निवडायचं सूप घेऊन मुद्दाम तिथे येऊन बसायची. त्या दोघांना याचं काहीच वाटत नसे. आपण दोघंच आहोत, असं त्यांना मनापासून वाटायचं. मध्ये नुसती हवा असली, तरी त्यांना ती खोली वाटायची.

पुढे आईबाप गेले, भाऊ वेगळे झाले. उरकुडाभाऊंनी बसस्टँडच्या मागे आपलं घर बांधलं, माझ्या गल्ल्यावरून सरळ दिसतं ते. आता घरात अडवणारं कोणी नव्हतं. तरी दोघं घरात गप्प. माझी बायको एकदा कौसाबाईंना म्हणाली, "आता तर बोलत जा घरात." कौसाबाई लाजल्या. म्हणाल्या, "बोलाची आदत वर पाहून हाये वो वहिनी. ते समोर बसले का काय बोलाव, समजतच नाही."

मग गावात लोखंडी पाइपांच्या परांच्या आल्या. ट्रकमधून उतरतात, चार पोरं येऊन त्या एकमेकांत अडकवतात आणि संध्याकाळी रंगकाम सुरू. दोरी नाही, गाठ नाही, खालून द्यायला कोणी नाही. उरकुडाभाऊंनी पहिली लोखंडी परांची बघितली तेव्हा अर्थातच धरून हलवली. ती हलली नाही. "चांगली हाये," ते प्रामाणिकपणे म्हणाले. थोडा वेळ उभे राहून बघत राहिले आणि म्हणाले, "पन हे पोट्टे एकमेकांशी काहीच बोलून नाही राहिले जी."

त्यांचं काम कमी झालं. त्याच सुमारास नागपूरला पोरीला, प्रज्ञाला, मुलगा झाला. ती दवाखान्यात नर्स, जावयाची नोकरी फिरतीची, लेकराकडे बघायला कोणी नाही. कौसाबाई थोडे दिवस म्हणून गेल्या. त्याला आता दोन पावसाळे होऊन गेले.

प्रज्ञाने बापाला मोठा मोबाइल घेऊन दिला, व्हिडिओवर बोलता यावं म्हणून. तो लावता येत नाही म्हणून उरकुडाभाऊ माझ्याकडे येतात. मी लावून देतो. पडद्यावर कौसाबाई येतात. दोघं एकमेकांकडे बघतात.

"जेवल्या?"

"हाव. तुमी?"

"हाव."

मग बराच वेळ दोघं नुसती बघत राहतात. मी गोळ्यांची पाकिटं उगाच इकडची तिकडे ठेवतो. शेवटी नातू मध्ये घुसून पडद्यावर हात मारतो आणि फोन बंद होतो. "तोंडासमोर तोंड आलं का शब्दच नाही निघत जी," असं म्हणून उरकुडाभाऊ मोबाइल खिशात ठेवतात आणि जाताना काउंटर हलवतात.

मी म्हटलं, मग नागपूरला जाऊन भेटून या. ते गेले. दुसऱ्याच दिवशी परत आले. पोरीचं घर तिसऱ्या मजल्यावर. वर गेले, पाणी प्यायले, नातवाला मांडीवर घेतलं, पण कौसाबाईंशी दोन वाक्यांच्या पुढे गाडी सरकेना. तेव्हा त्यांना एक युक्ती सुचली. ते खाली उतरले, आवारात जाऊन उभे राहिले आणि वर बघून त्यांनी हाक मारली. कौसाबाई गॅलरीत आल्या. आणि तिथे सगळंच उलटं झालं. ती वर, हे खाली! "मले खालून बोलताच नाही आलं," उरकुडाभाऊ मला सांगत होते. "कौसा वरून म्हने, बोला. मी खालून म्हनतो, तू बोल. तिलेबी वरून नाही जमत. ते उभी, मी उभा. मंग वॉचमन आला, म्हने, काका, किसको देख रहे हो?"

मी पोट धरून हसलो. तेही हसले. मग हसता हसता म्हणाले, "तिले एक गोष्ट सांगाची हाये, मेडिकलभाऊ. परत ये म्हनाचं हाये. घरात मन नाही लागत. पन हे मोबाइलवर कसं म्हनू? पोरगी बाजूले उभी रायते. तिले वाटन, बापाले लेकराची कदर नाही." या दुखण्यावर माझ्या दुकानात काही नव्हतं. एरवी माझ्याकडे सगळ्यावर औषध असतं.

या वर्षी धान कापून झाल्यावर थोरल्या भावाच्या नातीचं लग्न निघालं आणि कौसाबाई चार दिवस गावी आल्या. उरकुडाभाऊंनी दाढी केली, घर लख्ख झाडून घेतलं. मांडवाचे खांब हलवायलाही विसरले. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. पण घरात तेच. ती स्वयंपाक करते, हे ओट्यावर बसतात. "चहा?" "हाव." माझी बायको रोज तिकडे चक्कर टाकून यायची आणि मान हलवत परतायची. लग्न झालं, पाहुणे गेले, आणि कौसाबाईंचा परत जायचा दिवस आला. सकाळच्या गाडीने जायचं होतं.

त्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, तर उरकुडाभाऊ घरामागच्या पडवीतले जुने बांबू ओढून समोर आणत होते. बघता बघता त्यांनी दोन उभे रोवले, एक आडवा बांधला. घराला गेल्या दिवाळीतच रंग दिलेला होता. मी जाऊन विचारलं, "काय निघालं?"

"छज्ज्याले भेग गेली."

मी छज्ज्याकडे बघितलं. छज्जा चांगला धडधाकट होता. "मिस्त्री कोण येणार?"

"येईल कोनीतरी," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता वर चढले. वर जाऊन त्यांनी गाठ मारायला घेतली आणि सवयीने हात खाली सोडला. हातात काही आलं नाही. हात तसाच लोंबत राहिला. मी पुढे होऊन बांबू द्यायला लागलो, तर म्हणाले, "तुमी नोको जी. तुमचं दुकान उघडं हाये." मी माघारी आलो, पण दुकानात बसलो नाही. पायरीवरच उभा राहिलो.

थोड्या वेळाने कौसाबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या, नवी साडी नेसून, गाडीच्या तयारीत. वर बघितलं. नवरा आडव्यावर पाय ठेवून उभा, एक हात खाली सोडलेला. त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. पदर खोचला. बांबू उचलून उभा केला आणि त्या हातात दिला.

"पायाखालची गाठ पाहा. सैल हाये ते," त्या म्हणाल्या.

"दिसली मले. दोरी दे."

"घ्या. वजन कमी झालं जी तुमचं."

"तुले खालून दिसते का?"

"दिसते ना. सकाळी काय खाता?"

"काही नाही खात. एकट्यासाठी कोन चूल पेटवते?"

आणखी एक बांबू वर गेला. मग जो बांध फुटला, तो विचारू नका. थोरल्या जावेने लग्नात कोणती साडी दिली आणि ती किती विटलेली होती. नातू झोपेत आजोबांसारखा कुशीवर होतो. विहारातल्या नव्या पंख्याचा आवाज येतो. प्रज्ञा दमून येते आणि चिडते. बसस्टँडवरची माणसं थांबून ऐकायला लागली. जुन्या लोकांना सगळं ठाऊक होतं, ते नव्यांना गप्प बसवत होते. माझी बायको घरातून येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

तेवढ्यात फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला. उरकुडाभाऊंचे हात थांबले.

"कौसा वो, ऐकून राहिली का?"

"ऐकून राहिलो. बोला."

"नोको जाऊ."

कौसाबाईंच्या हातात बांबू होता, तो तसाच राहिला. "आज नोको जाऊ, का अजिबातच नोको जाऊ?"

"अजिबातच."

त्यांनी पदराने डोळे पुसले. बांबू खाली ठेवला नाही. "मलेबी नाही करमत जी तिथं. दिवसभर भिंतीकडे पाहून रायतो. पन लेकराले टाकून कशी येऊ? प्रज्ञाची ड्युटी हाये, तिचे हाल होतील. त्याची शाळा सुरू होऊ द्या. मंग येतो."

"खरंच येशील?"

"येतो म्हनून सांगतलं ना. आता हा बांबू घ्या, माहा हात दुखून राहिला."

उरकुडाभाऊंनी बांबू घेतला. कौसाबाईंनी हात धुतले, पिशवी उचलली आणि गाडीकडे निघाल्या. मी ओरडलो, "उरकुडाभाऊ, खाली या, पोचवा तरी त्यांना!" ते उतरले नाहीत. कौसाबाईच मला म्हणाल्या, "राहू द्या जी त्यायले वरच." खिडकीशी बसल्यावर त्यांनी वर बघून हात केला. गाडी सुटली.

मला फार वाईट वाटलं. खरं सांगतो, थोडा हेवाही वाटला. माझी बायको डोळे पुसत घरात गेली आणि त्या दिवशी कैचीचं नाव निघालं नाही.

गाडी वळणावरून मोहाडीच्या रस्त्याला लागली आणि आम्हाला दिसेनाशी झाली. उरकुडाभाऊ एका हाताने उभा बांबू धरून त्या दिशेला बघत होते. धान कापून बांध्या, म्हणजे भाताची शेतं, मोकळ्या झाल्या होत्या, वरून दूरवर दिसत असणार. मी खालून विचारलं, "गेली का गाडी?"

"नाही जी," ते म्हणाले, "दिसून राहिली अजून."

मी दुकानात गेलो. दोन-चार गिऱ्हाईकं केली, एका मुलाला तापाचं औषध काढून दिलं, चहा मागवला. एक कप त्यांच्यासाठी घेऊन गेलो, तर ते तसेच उभे होते. एव्हाना गाडी मोहाडी ओलांडून भंडाऱ्याच्या वाटेला लागली असेल.

"उरकुडाभाऊ, चहा घ्या. उतरा आता."

त्यांनी मान वळवली नाही.

"थांबा जी थोडं," ते म्हणाले. "दिसून राहिली."